पाणी गढूळ होतं

इब्राहिमचाचा गेल्याची बातमी मला धक्क्यावर समजली. जहाजातून सागवानाचे ओंडके उतरत होते आणि मी कागद-पेन्सिल घेऊन ते मोजत उभा होतो. मुकादम तंबाखू मळत मळत शेजारी आला आणि म्हणाला, "तुमच्या जुव्यावरचा तो तरीवाला म्हातारा होता ना, पहाटे गेला म्हणे. झोपेतच." मी "अरेरे" म्हटलं आणि मोजत राहिलो. एक्केचाळीस, बेचाळीस... आणि त्याच वेळी मनात जे आलं ते आज लिहून टाकतो. दुःख नंतर आलं. पहिल्यांदा वाटलं, सुटलो. आता जाणणारं कुणी उरलं नाही. त्रेचाळिसाव्या ओंडक्याला माझी पेन्सिल थांबली आणि स्वतःचीच इतकी भीती वाटली की मुकादमाच्या हाती कागद देऊन मी गोदामाच्या मागे जाऊन बसलो.

ती गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, आईला तिच्या शेवटच्या दुखण्यातही नाही. ज्या शुक्रवारी केतकजुव्याचा बांध फुटला त्या दिवशी राखणीची पाळी इब्राहिमचाचांची होती, पण बांधावर बसलो होतो मी. आमच्याकडचा प्रत्येक माणूस आजही असंच धरून चालतो की चाचा बांध मोकळा टाकून नमाजाला गेले आणि जुवं बुडालं. बांध मोकळा नव्हता. मी होतो तिथे. झोपलेलोही नव्हतो. मी सगळं पाहिलं.

वाचकांपैकी फार थोड्यांनी केतकजुव्याचं नाव ऐकलं असेल. आता तिथे बंदराचा नवा धक्का आहे, कोळशाचे ढीग आहेत, पत्र्याची लांबलचक गोदामं आहेत आणि ट्रकची रांग लागलेली असते. इथे बारा-तेरा वर्षांपूर्वी बेट होतं, भात पिकत होतं, असं सांगितलं तर नवे हमाल हसतात. नदी समुद्राला मिळते तिथे तिचे दोन फाटे होत आणि त्यांच्या मधोमध हे बेट. आमच्याकडे अशा बेटाला जुवं म्हणतात. एका बाजूला मोठा फाटा, त्यातून पडाव आणि मचवे जायचे. दुसऱ्या बाजूला धाकटी खाडी आणि तिच्या पलीकडे जुनं बंदर, बाजार, मशीद, शाळा. बेटावर वीस-पंचवीस घरं, बहुतेक आम्हा आगऱ्यांची, आणि उत्तरेच्या टोकाला चार घरं मुसलमानांची. आमच्या पूर्वजांनी कधीतरी खारफुटीची तिवरं तोडून, चिखल रचून भोवती बांध घातला आणि खारं पाणी बाहेर अडवून आत भात लावलं. सगळ्या जुव्याचा जीव त्या मातीच्या बांधात होता. उधाणाच्या भरतीला तुम्ही बांधावर उभे राहिलात तर एका हाताला पाणी वर दिसायचं आणि दुसऱ्या हाताला घरं खाली. मी लहानपणी आईला विचारलं होतं, पाणी वर आणि आपण खाली, हे असं कसं? तिनं माझं तोंड दाबलं. बांधावर असं बोलायचं नसतं म्हणाली. भीती आमच्याकडे अशी होती. कुणी तिचं नाव घेत नसे, पण जेवताना, लग्नात, भांडणात सगळ्यांचा एक कान बाहेरच्या पाण्याकडे असे.

म्हणून राखण. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला, ऐन दुपारी पाणी चढतं त्या दोन-अडीच तासांत, एका घरच्या एका माणसानं बांधावर फिरायचं. घरांची पाळी ठरलेली. कुठे झिरपलं तर चिखल-गवत दाबायचं, आणि पाणी ऐकेनासं झालं तर छाती फुटेस्तोवर ओरडायचं, "खांड!" खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. तो शब्द कानावर आला की ताटावरचा माणूस ताटावरून उठायचा, बाळंतिणीच्या खोलीतली सुईण सोडली तर घरात कुणी राहायचं नाही. खोटी हाक दिली म्हणून कुणाला कुणी बोलत नसे. उशिरा दिली तर मात्र...

ही राखण मला शिकवली इब्राहिमचाचांनी. माझे वडील मी नऊ वर्षांचा असताना गेले आणि आमच्या घरची पाळी माझ्यावर आली ती वयाच्या सोळाव्या वर्षी. चाचा माझ्यापेक्षा वीस-एक वर्षांनी मोठे. उंच, किडकिडीत, दाढी तेवढी दाट. धाकट्या खाडीवर त्यांची तर चालायची. माणसं, बकऱ्या, भाताची पोती, नवरानवरी, सगळं त्यांच्या होडीतून पलीकडे जायचं. पहिल्या दिवशी ते माझ्याबरोबर अख्खा बांध फिरले. आतल्या उतारावर एका ठिकाणी खेकड्याच्या बिळातून करंगळीएवढी धार येत होती. मी मागे सरलो. चाचा उकिडवे बसले, ओंजळीत पाणी धरलं आणि मला दाखवलं.

"बघ, तळहाताच्या रेघा दिसतात का?"

"दिसतात."

"मंग घाबरू नको. नितळ पानी म्हंजे नुसता पाझर. लाथेनं चिखल दाब आनि पुढं जा. पन ज्या दिशी रेघा दिसनार न्हायत, पानी गढूळ येल, त्या दिशी समज, बांध आतून खाल्ला जातोय. तवा हात लावत बसू नको, बाळा. वरड."

मग माझ्याकडे बघून हसले. "आनि वरडताना अल्लाचं नाव घे न्हायतर मारुतीचं, पन आवाज तात्याच्या घरापर्यंत जायला पायजे. तात्या एका कानानं बहिरा हाय."

तात्या म्हणजे आमचे नारूतात्या, जुव्याच्या पंचांतले थोरले. त्यांच्याबद्दल मला राग नाही. माणूस न्यायी आहे, जुव्यासाठी जीव टाकणारा होता. पूर्वी चाचांची पाळी शुक्रवारी आली तर तात्याच ती हलवायचे, शुक्रवारची नमाज पलीकडच्या मशिदीत असते म्हणून. त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं. मग सत्तेचाळीस साल आलं. आमच्या जुव्यावर काही म्हणजे काही झालं नाही, दगड नाही, शिवी नाही. पण बाजारातून बातम्या यायच्या, पलीकडे कुणी कुणी गाठोडी बांधून गेल्याचं कानावर यायचं, आणि कुणीतरी सहज विचारायचं, "काय चाचा, तुमचा काय इचार?" विचारणारा हसत असायचा. चाचाही हसायचे. "माझा इचार? भरती आली की पलीकडं, ओहोटी आली की अलीकडं. याच्यापरीस लांब मी कधी गेलोच न्हाय." पण त्यानंतर त्यांनी तात्यांकडे पाळी हलवून मागणं बंद केलं. मी एकदा कारण विचारलं तर वल्हं मारता मारता एवढंच म्हणाले, "मागायला गेलं की आता लोक तोंडाकडं बघतात रं. पूर्वी बघत नव्हते."

त्याच सुमारास एका पाळीला दोघांनी आपसात अदलाबदल केली, दोघांनाही वाटलं दुसरा बसलाय, आणि भर उधाणात बांध रिकामा राहिला. नशिबानं काही झालं नाही. पण तात्यांनी मारुतीच्या देवळापुढे सगळ्यांना बसवून नियम केला: ज्याची पाळी त्यानंच बसायचं, बदली चालणार नाही, जो बदलेल त्याचं घर राखणीतून बाद. राखणीतून बाद होणं म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला नाही कळायचं. दंड परवडला. ज्या घराच्या भरवशावर जुवं दुपारी डोळा मिटत नाही त्या घरची सोयरीक कुणी करत नाही, त्याच्या लावणीला कुणी येत नाही.

बंदराचे लोक आमच्याकडे याच वर्षांत यायला लागले. तिपाईवर दुर्बीण ठेवून खाडी मोजायचे. धाकटी खाडी भरून काढायची, जुवं काठाला जोडायचं आणि तिथे नवा धक्का बांधायचा असं त्यांचं चाललं होतं. तात्यांनी त्यांना तीनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा एक साहेब जरा वैतागून म्हणाला, अहो, चिखलाच्या बांधावर किती दिवस राहणार? तात्या म्हणाले, "तुमच्या आज्याच्या आज्याला इचारून या, तवापासून ऱ्हातो आमी." सगळे हसले, मीही. तोवर बांध शाबूत होता, म्हणून हसू येत होतं.

त्या वर्षी अनंतचतुर्दशीला पाळी माझ्या घरची आली आणि दोनच दिवसांनी, शुक्रवारी, चाचांची. आमच्या घरचा गणपती तेव्हा पहिल्यांदाच दहा दिवस ठेवला होता आणि विसर्जनाची भरती आणि राखणीची भरती एकच. मी तोंड पाडून तरीवर बसलो होतो. चाचांनी कारण काढून घेतलं.

"त्यात काय? तू गनपतीबरोबर जा, तुझ्या पाळीला मी बसतो. शुक्रवारी माझ्या पाळीला तू बस. फिटंफाट."

"आणि तात्यांना कळलं तर?"

"कळायला तात्या बांधावर चढायला पायजे. त्याचे गुडघे बघितलेस?"

अशी ती बदली झाली. चतुर्दशीला सगळं जुवं गणपतीमागे गेलं होतं, चाचा एकटे बांधावर फिरत राहिले, कुणाला पत्ता लागला नाही. मी गुलालानं माखून घरी आलो.

शुक्रवारी पाऊस उघडला होता. भाद्रपदातलं ते कडक ऊन, लोंबीला आलेलं भात, आणि बाहेर पाणी इतकं वर की तिवरांचे नुसते शेंडे दिसत होते. कुणी पाहू नये म्हणून मी केतकीच्या झुडपांआडून बांधावर चढलो. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला पाण्याची भीती वाटतच नव्हती. कुणी बघेल याची वाटत होती. पलीकडे चाचांची होडी मशिदीच्या पायऱ्यांना लागलेली दिसत होती. दक्षिणेच्या वळणावर, आतल्या उतारावर, गवत ओलं दिसलं. बाजूला सारलं. खेकड्याचं बीळ, करंगळीएवढी धार. ओंजळीत पाणी धरलं. रेघा दिसल्या. चिखल दाबला, पुढे गेलो. परत आलो तर धार अंगठ्याएवढी. पुन्हा ओंजळ धरली. रेघा दिसेनात.

मी उभा राहिलो. तोंड उघडलं. हे मला आज इतक्या वर्षांनीही अंगात जाणवतं, की मी तोंड उघडलं होतं, छातीत वारा भरला होता, जीभ टाळूला लागली होती... आणि डोळ्यांपुढे आले तात्या. सगळं जुवं फावडी घेऊन येणार, आणि पहिला प्रश्न येणार, तू इथं कसा? मग चाचांचं घर बाद आणि माझंही. माझं लग्न ठरत होतं. मी तोंड मिटलं. मनाला सांगितलं, अर्ध्या तासात पाणी उतरायला लागेल, तेवढा वेळ धरून ठेवतो. गळ्यातला पंचा काढला, त्याचा बोळा करून बिळात कोंबला, वर चिखल थापला आणि पाय रोवून पाठीनं दाबून बसलो. पाठीमागून ते पाणी मला ढकलत होतं. जोरात नाही, हळूहळू, एखादं जनावर तोंड घासत असावं तसं. मी मारुतीचं नाव घेत होतो, मनातल्या मनात. मोठ्यानं घेतलं असतं तरी कुणीतरी ऐकलं असतं. मग पाठीखालची माती ऊन लागलेल्या गुळासारखी मऊ झाली आणि सरकली.

मी बाजूला कोलमडलो म्हणून वाचलो. बैलगाडी जाईल एवढी खांड डोळ्यांदेखत पडली. तेव्हा तरी ओरडायचं... मी पळालो. केतकीमागून, वाकून, अंगणाच्या मागच्या बाजूनं घरात शिरलो. ओरडली ती भिकीआजी. सत्तरीची बाई, डोक्यावरचा गवताचा भारा टाकून तिनं जी हाक दिली ती पलीकडच्या बाजारात ऐकू गेली. "खांड! खांड परली रं!" आणि मी फावडं उचलून घरातून धावत बाहेर आलो, सगळ्यांबरोबर. सगळ्यांच्या पुढे. नंतर लोक म्हणत राहिले की सदू पहिला पोचला. त्या दिवसाबद्दल माझं जे कौतुक झालं ते आजवर कुणी मागे घेतलेलं नाही.

भात बुडालं. ओहोटीला पाणी गेलं तेव्हा लोंब्या चिखलात आडव्या पडल्या होत्या, आणि त्यावर पांढरे बोईट मासे उड्या मारत होते. पाणी अजून आत असतानाच चाचा नमाजाहून आले, होडी तशीच सोडून धावत आले. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिलेल्या माणसांच्या कडेनं त्यांनी एकदा नजर फिरवली, माझ्यावर आणली, आणि तिथून उचलली. तात्यांनी तिथेच, चिखलात उभं राहून विचारलं, "पाळी कुनाची?"

"माझी," चाचा म्हणाले.

"कुठं व्हतास?"

"नमाजाला."

"बांध मोकळा टाकून?"

चाचांनी ओली लुंगी कमरेला खोचली. मी त्यांच्यापासून चार हातांवर होतो. मला आठवतं, त्या क्षणी मी देवाला बोलत होतो की यांचं तोंड उघडू देऊ नको.

"व्हय," ते म्हणाले.

कुणी अंगावर गेलं नाही. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "त्याला काय, त्याला दुसरा मुलूख हाय." तात्यांनी त्याला हटकलं, पण वाक्य म्हटलं गेलं होतं, आणि ते ऐकलेल्या चाचांना मी पुढे रोज पाहत होतो. चाचांचं घर राखणीतून बाद झालं.

पुढची वर्षं फार लांबवून सांगण्यासारखी नाहीत. जमिनीत मीठ शिरलं की दोन-तीन पावसाळे धुऊन गेल्याशिवाय भात येत नाही. खांड बुजवायला घरटी माणूस लागायचं, तर अर्धे आले नाहीत. कुणी मुंबईच्या गिरणीत गेला, कुणी बंदरात दगड वाहायला. आणि जे आले ते एकमेकांकडे बघत काम करायचे. कुणाच्या भरवशावर बांधायचा, असं प्रत्येकाच्या तोंडावर होतं. मीठ शेतातलं निघतं. ते माणसांत शिरलेलं निघालं नाही. पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी बांध पुन्हा गेला. मग दुर्बीणवाले चौथ्यांदा आले आणि या वेळी तात्यांनी त्यांना बसायला घोंगडी टाकली. अंगठे उठले. लोक म्हणतात, बंदर कधी ना कधी येणारच होतं, खांड पडो न पडो. असेलही. हे वाक्य मी स्वतःला हजार वेळा ऐकवलं आहे. पण अंगठा उठवताना तात्यांचा हात मी शाईच्या डबीवर धरून दिला. जुव्यावरच्या शिकलेल्यांना बंदरात नोकऱ्या देणार होते, त्यात मी लागलो होतो. पहिल्या दिवसापासून बंदराचा कागद माझ्या हातात आणि त्यांचा पगार माझ्या घरात.

धाकटी खाडी भरायला लागले तेव्हा एकदाच चाचांनी विषय काढला. ट्रकमधून दगड कोसळत होते, प्रत्येक खेपेला होडी हलत होती, आणि तरीवर आम्ही दोघंच होतो. त्यांनी वल्हं आडवं धरलं. होडी मध्ये थांबली.

"सदू, एकच इचारतो. पानी नितळ व्हतं का गढूळ?"

इतकी वर्षं मी याच प्रश्नाला भीत होतो. शुक्रवार आला की भीत होतो, चाचा चार माणसांत हसले की भीत होतो, अमावास्या-पौर्णिमेला दुपारी घराची दारं लावून बसत होतो. बायको म्हणे, उन्हाचा त्रास आहे यांना. मी म्हणालो, "मी त्या टोकाला होतो, चाचा. मला दिसलंच नाही."

"बरं," ते म्हणाले. वल्हं पाण्यात घातलं आणि मला काठावर सोडलं. उतरताना नेहमीसारखा हात दिला.

खाडी भरल्यावर ओलांडायला काही उरलं नाही. आम्हा सगळ्यांना बंदरामागच्या टेकाडावर घरं बांधून दिली, त्या वस्तीला जुवेवाडी म्हणतात. चाचांनी होडी बैलगाडीवर घालून तिथे नेली आणि दारात पालथी घातली. कोंबड्या तिच्याखाली अंडी घालायच्या. मी जाता-येता "कसं काय चाचा" म्हणायचो आणि ते "बघ, अजून बुडाली न्हाय" म्हणायचे. हा विनोद त्यांनी किती वर्षं केला! मी प्रत्येक वेळी हसलो. गेल्या दिवाळीच्या आधी भेटलो ती शेवटची भेट. त्यांनी मला चहाला थांब म्हटलं आणि मी काम आहे म्हणून सटकलो. त्यांच्या खोकल्याला मी घाबरलो होतो. म्हातारं माणूस मरताना काही बोलून जातं, असं मनात आलं होतं.

मयतीला मी मागे उभा राहिलो. चाळिसाव्या दिवशी मात्र घरी गेलो. त्यांची मुलगी हलिमा, नवरा गेल्यापासून इथेच राहते, तिनं मला आत बोलावलं. खोलीत खाट, भिंतीला टेकवलेलं वल्हं, पत्र्याची एक पेटी. तिनं पेटी उघडून एक घडी माझ्या हातात दिली.

"अब्बांनी सांगून ठेवलं व्हतं, सदूभाऊ आला तर त्याचं त्याला दे. न्हाय आला तर पाठवू नको."

पंचा होता. धुतलेला, पिवळा पडलेला. कोपऱ्यात हिरव्या दोऱ्याचा टाका. आम्हा भावांचे पंचे वेगळे ओळखू यावेत म्हणून आईनं माझ्या पंच्यावर घातलेला. खांड बुजवायला चिखल उपसत होते तेव्हा चाचांच्या फावड्याला लागला असणार. म्हणजे होडी मध्ये थांबवून त्यांनी मला विचारलं तेव्हा तो त्यांच्या पेटीत होता. मी पाहिलं, मी बुजवायला बसलो आणि मी ओरडलो नाही, हे सगळं त्यांना कधीचं ठाऊक होतं. माझ्या तोंडून ऐकायचं होतं, एवढंच. आणि मी खोटं बोलल्यावरही त्यांनी हात दिला.

मी विचारलं, आणखी काही म्हणाले? ती म्हणाली, "न्हाय. कुनाचा हाय, एवढंच." मग तिला वाटलं, मला बरं वाटत नाही, ती पाणी आणायला उठली. घागर रिकामी होती. "थांबा, टाकीवरून आनते, चावी कुनाकडं हाय बघते," म्हणाली.

तेव्हा मला ती गोष्ट दिसली जी मी रोज पाहत आलो होतो. जुवेवाडीला पाण्याची एकच टाकी आहे, तिच्या झडपेला कुलूप असतं आणि चावी महिन्याच्या पाळीनं घरोघर फिरते. माझ्या घरी ती पाच-सहा वेळा आली. चाचांच्या दारावरून ती पुढच्या दारी जाते. कुणी ठरवलेलं नाही, कुणी बोलतही नाही. वाडीतली पोरं, ज्यांनी बांध कधी पाहिलेला नाही, तीसुद्धा चावी घेऊन ते घर ओलांडून पुढे जातात.

पंचा आता माझ्या कचेरीच्या खणात आहे. घरी नेण्याची हिंमत झालेली नाही. ही कचेरी जुन्या दक्षिणेच्या वळणावरच आहे. खिडकीखाली सिमेंट आहे आणि सिमेंटखाली ती माती. उधाणाच्या दुपारी फरशीवर ओल येते. शिपाई फडकं मारतो. मी खुर्चीवर पाय उचलून बसतो आणि तो फडकं पिळतो तेव्हा बादलीतल्या पाण्याकडे बघतो.

चाचा, पाणी गढूळ होतं.

हे इथे लिहिलं म्हणून फिटत नाही हे मला माहीत आहे. जुवेवाडीत वर्तमानपत्राची ही पुरवणी कुणी घेत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी टाकीपाशी सगळे जमतात आणि चावी एका हातातून दुसऱ्या हातात जाते. तिथे उभं राहून, तात्यांच्या त्या बहिऱ्या कानालाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात, मला सांगायचं आहे की बांधावर मी होतो, मी पाहिलं आणि मी ओरडलो नाही. आणि हेही, की चावीची पुढची पाळी हलिमाच्या घरची आहे. एवढं माझ्याकडून देणं आहे. अजून दिलेलं नाही.